अनिता मुईचें गाणें : गुणदोषविचार

जें गाणें आपणांस मनापासून आवडतें, त्याविषयीं न्यायबुद्धीनें बोलणें ही मोठी अवघड गोष्ट आहे. ज्याच्याशीं आपला कांहीं ऋणानुबंध नाहीं अशा गायकाचे दोष आपण तेव्हांच दाखवूं शकतों. परंतु ज्या आवाजाची सोबत वर्षानुवर्षें घडली, त्याचे दोष सांगावयाची वेळ आली म्हणजे लेखणी आपोआप आंखडती होते. त्यांतून तो गायक अकालीं निवर्तला असला, तर विचारावयासच नको. मृताचे गुण आठवावे व दोषांविषयीं मौन पाळावें, हा लौकिक शिष्टाचार माणसाच्या बाबतींत योग्यच आहे. पण तोच शिष्टाचार त्याच्या कलेस लावला, तर कलेचा मान तर राखला जात नाहींच, उलट तिची नीट ओळख होण्याची वाटच बंद होते. हाँगकाँगची प्रख्यात गायिका अनिता मुई हिच्या बाबतींत असेंच झालें आहे, असें आम्हांस वाटतें. आणि आम्ही तिच्या गाण्याचे चाहते आहोंत म्हणूनच ह्या लेखांत तिच्या गुणांबरोबर दोषांचाही हिशेब मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अनिता हें नांव वाचून ही कोणी आपल्याकडचीच बाई असावी, असें आमच्या वाचकांस क्षणभर वाटेल. तो केवळ योगायोग होय. इंग्रजी अमलाच्या काळीं हाँगकाँगांत मूळ चिनी नांवाच्या जोडीला एखादें पाश्चात्त्य नांव लावण्याची रीत पडली, तिला अनुसरून हें नांव आलें आहे. तिचें चिनी नांव मुई यिम-फाँग. तिचा जन्म १० ऑक्टोबर १९६३ रोजीं झाला व मृत्यु ३० डिसेंबर २००३ रोजीं. चाळीस वर्षांच्या ह्या आयुष्यांतून अगदीं आरंभींचीं चारपांच वर्षें आणि मधला थोडासा विश्रांतीचा काळ वजा केला, तर बाकी सर्व आयुष्य तिचें गाण्याच्या धंद्यांत गेलें. हा हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण आमच्या मतें तिच्या गाण्याचें मर्म त्यांतच आहे.

ज्या भूमींत हें गाणें रुजलें, तिची थोडी ओळख आधीं करून दिली पाहिजे. हाँगकाँगचे बहुसंख्य रहिवासी कॅंटनी भाषा बोलतात. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांताची ही भाषा. तिला स्वतःचें संगीत नाटक आहे, कथागायनाची जुनी परंपरा आहे. पण लोकप्रिय गाण्याच्या दरबारांत तिला पुष्कळ दिवस उंबऱ्याबाहेरच उभें राहावें लागलें. १९४९ सालच्या राज्यक्रांतीच्या सुमारास शांघायहून अनेक गायक, वादक व चित्रपटव्यवसायी हाँगकाँगांत येऊन स्थायिक झाले. त्यांच्याबरोबर मँडरिन भाषेंतील गाणें आलें व तें प्रतिष्ठित ठरलें. शिकल्यासवरल्या तरुणांस त्याच्या जोडीला इंग्रजी गाणीं गोड वाटूं लागलीं. घरीं बोलावयाची भाषा कॅंटनी, पण गाणें म्हणून ऐकावयाचें तें परभाषेंतलें, असा प्रकार होता.

१९७४ सालीं हा प्रकार पालटूं लागला. १९६७ पासून तेथें दूरचित्रवाणी घरोघर पोंचत होती, व तिच्यावरील मालिका कॅंटनींत होत असत. १९७४ सालच्या एका मालिकेचें शीर्षकगीत जोसेफ कू ह्या संगीतकारानें कॅंटनींत बसविलें व तें लोकांच्या तोंडीं झालें. त्याच वर्षीं सॅम हुई ह्या तरुणानें आपल्या भावानें काढलेल्या एका विनोदी चित्रपटासाठीं थेट रस्त्यावरच्या बोलींत गाणीं रचून गाइलीं. गिरणींत राबणारा, घरभाड्याच्या विवंचनेंत असलेला, जुगारांत नशीब अजमावणारा माणूस प्रथमच आपल्या भाषेंत आपलें गाणें ऐकूं लागला. पुढच्या दहा वर्षांत ह्या गाण्याचा एवढा प्रसार झाला कीं, आग्नेय आशियापासून कॅनडापर्यंत जेथें जेथें चिनी वस्ती होती, तेथें तेथें हाँगकाँगच्या ध्वनिमुद्रिका पोंचल्या. जेम्स वाँग ह्या नामांकित गीतकारानें ह्या गाण्याच्या उदयास्तावर प्रबंध लिहून २००३ सालीं हाँगकाँग विश्वविद्यालयाची डॉक्टरेट मिळविली, ह्यावरून त्या विषयाचें महत्त्व कळून येईल.

हा पालट होत होता तेव्हां अनिता मुई दहा-अकरा वर्षांची होती. परंतु धंद्यांत ती त्यापूर्वींच पडलेली होती. वडील लवकर वारले, व चार भावंडांचा भार आईवर आला. चार-पांच वर्षांच्या वयापासून ही मुलगी थोरली बहीण ॲन हिच्या जोडीनें लाय ची कोक येथील करमणुकीच्या उद्यानांत लोकांपुढें गाऊं लागली. पुढें चहाघरें, मद्यगृहें, रात्रीचे क्लब, जेथें बोलावणें येईल तेथें ती गेली. शाळा अर्धवट राहिली. एका रात्रींत अनेक ठिकाणीं गाण्याचे खेळ करावे, असा तो क्रम होता. अशा मेहनतीचा परिणाम गळ्यावर झाल्याशिवाय कसा राहील? ऐन पंधरा-सोळाच्या वयांत स्वररज्जूंवर गांठी आल्या व कांहीं काळ गाणें बंद ठेवावें लागलें. ती परत गाऊं लागली तेव्हां तिचा आवाज पूर्वीच्या मानानें पुष्कळ खालीं उतरला होता.

हा उतरलेला आवाज हेंच तिचें भांडवल ठरलें. चिनी लोकप्रिय गाण्यांत स्त्रीच्या आवाजाचा आदर्श म्हणजे गोड, पातळ व उंच आवाज. तेरेसा तंग हिच्या मधाळ गळ्यानें तो आदर्श अधिकच पक्का केला होता. अनिता मुईचा आवाज त्याच्या अगदीं उलट जातीचा. मंद्र सप्तकांत भरदार, किंचित् खरबरीत, आणि कांहीं ठिकाणीं पुरुषाचा भास व्हावा असा. १९८२ सालीं तेथील दूरचित्रवाणी संस्थेनें व तिच्या ध्वनिमुद्रिका कंपनीनें मिळून नवोदित गायकांची पहिली स्पर्धा भरविली, तींत ह्या अठरा वर्षांच्या मुलीनें पहिलें पारितोषिक मिळविलें. तिनें त्या वेळीं निवडलेलें ‘वाऱ्याचा ऋतु’ हें गाणें स्वतःचें नव्हतें. तें पॉला त्सुई ह्या आधींच्या पिढींतल्या गायिकेचें गाजलेलें गाणें होतें. दुसऱ्याचें गाणें घ्यावयाचें आणि तें ऐकणाऱ्यास आपलें वाटेल असें गावयाचें, हें तर ती लहानपणापासूनच करीत आली होती.

येथें तिच्याविरुद्धच्या पहिल्या व सर्वांत गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो आक्षेप असा कीं, तिच्या नामांकित गाण्यांपैकीं पुष्कळांच्या चाली उसन्या आहेत. १९८३ सालीं तिला कीर्ति मिळवून देणारें गाणें जपानी गायिका मोमोए यामागुची हिच्या गाण्यावरून घेतलेलें. १९८५ सालचें ‘मांजूषाका’ हें रक्तवर्ण फुलाचें गाणें पुन्हां यामागुचीचेंच. त्याच वर्षीं धमाल उडविणारें ‘वाईट मुलगी’ हें शीना ईस्टन हिच्या इंग्रजी गाण्याची चाल घेऊन बांधलेलें. हा दोष एकट्या मुईचा नव्हे. त्या काळच्या हाँगकाँगमधील बहुतेक सर्व गायकांचा आहे. ध्वनिमुद्रिकांची मागणी इतकी वाढली होती कीं, स्थानिक संगीतकारांची निपज तिला पुरी पडेना. आणि जपानची तयार, घोटीव चाल हक्क देऊन विकत घेणें व्यापारी दृष्ट्या सोईचें होतें. हें इतकें बोकाळलें कीं, १९९५ सालीं तेथील एका खाजगी नभोवाणी केंद्रानें स्थानिक मूळ चालींचींच गाणीं लावण्याचें धोरण पुकारलें.

परंतु चाल उसनी आणली म्हणजे काम संपलें असें मात्र कॅंटनी भाषेंत होत नाहीं. हें ज्यांस ठाऊक नाहीं ते ह्या आक्षेपाला फाजील महत्त्व देतात. कॅंटनी ही स्वरभेदी भाषा आहे. एकच अक्षर सहा निरनिराळ्या सुरांत उच्चारलें म्हणजे सहा निराळे शब्द होतात. ‘सि’ हें अक्षर घ्या. एका सुरांत त्याचा अर्थ कविता, दुसऱ्यांत इतिहास, तिसऱ्यांत परीक्षा, चौथ्यांत काळ, पांचव्यांत बाजार व सहाव्यांत काम किंवा बाब. आतां चाल जेथें वर चढते तेथें खालच्या सुराचा शब्द घातला, तर ऐकणाऱ्यास भलताच अर्थ कळतो किंवा मुळींच कळत नाहीं. म्हणून तेथील गीतकार आधीं चाल ऐकतो, तिच्या चढउतारांचें माप घेतो, आणि मग त्या मापांत बसणारे शब्द शोधीत बसतो. तयार चालीवर पद बसविण्याची ही रीत आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांपासून आमच्या संगीत नाटकांनीं ती चालविली. पण मराठींत शब्दाचा सूर बदलला तरी अर्थ बदलत नाहीं. कॅंटनी गीतकाराला ती मोकळीक नाहीं. चेंग क्वोक-काँग, रिचर्ड लाम ह्यांच्यासारख्या गीतकारांनीं परक्या चालींवर शब्द बसविले, तेव्हां त्यांनीं त्या चालींना जणूं नवा जन्म दिला असेंच म्हटलें पाहिजे.

तरीही आमचें खरें मत विचाराल तर, उसन्या चालींचीं तिचीं सर्वच गाणीं सारख्या योग्यतेचीं नाहींत. जेथें शब्द, चाल व आवाज हीं तिन्ही एकजीव झालीं आहेत, तेथें मूळ गाणें कोणाचें हा प्रश्नच मनांत येत नाहीं. पण बऱ्याच ध्वनिमुद्रिकांत दोन-तीन गाणीं अशीं आहेत कीं, तीं केवळ तबकडीची बाजू भरून काढण्यासाठीं आणल्यासारखीं वाटतात. वर्षाकांठीं एक किंवा त्याहूनही अधिक तबकड्या काढावयाच्या म्हटल्यावर दुसरें काय होणार? अशा गाण्यांत तिचा आवाज आपलें काम इमानानें करतो. मात्र त्याच्या मागें मन दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप वेषभूषेचा. एडी लाउ ह्या वेशभूषाकाराच्या साहाय्यानें तिनें रंगमंचावर इतकीं रूपें पालटलीं कीं, लोक तिला ‘शतरूपा मुई’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखूं लागले. आज पुरुषी कोट व पाटलोण, उद्यां अरबी नर्तकीचा वेष, परवां आणखी कांहीं निराळेंच. १९८३ सालीं उघडलेल्या हुंग होम येथील सुमारें साडेबारा हजार आसनांच्या कलोसियमांत तिचे जलसे एकामागून एक रात्री भरत. १९८७-८८ च्या हिंवाळ्यांतील जलसा अठ्ठावीस रात्री चालला. १९८५ पासून १९८९ पर्यंत ओळीनें पांच वर्षें दूरचित्रवाणीच्या वार्षिक पारितोषिकांत उत्कृष्ट गायिकेचा मान तिला मिळाला. ह्या यशांत रूपपालटाचा वाटा मोठा होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ‘वाईट मुलगी’ ह्या गाण्यांत सभ्य घरच्या मुलीनें मनांत आणूं नये अशी इच्छा तिनें उघड्यावर बोलून दाखविली, व त्या काळच्या कामकरी तरुणींनीं तें गाणें डोक्यावर घेतलें, तें केवळ चालीमुळें नव्हे. कचेरींत व कारखान्यांत स्वतःची भाकरी स्वतः मिळविणाऱ्या मुलींचा एक मोठा वर्ग त्या शहरांत तयार झाला होता. त्या वर्गाला आपली हिंमत रंगमंचावर उभी राहिलेली दिसली.

गाणें म्हणून मात्र तिच्या द्रुत लयींतल्या ह्या गाण्यांविषयीं आमचा अभिप्राय तितकासा अनुकूल नाहीं. यंत्राच्या ढोलाचा ठेका व विजेच्या वाद्यांचा गजर ह्यांच्या खालीं तिच्या आवाजाची सर्वांत मौल्यवान बाजू, म्हणजे मंद्रांतली ती सावकाश पसरणारी ऊब, दबून जाते. आघात आहे, ऐट आहे. पण सुराला थांबावयास जागा नाहीं. तार सप्तकांत तिचा आवाज ताणला जातो, आणि तो ताण झांकण्यासाठीं ती शब्द फेंकते. प्रत्यक्ष रंगमंचावर नृत्य व नेपथ्य ह्यांच्या जोडीनें हीं गाणीं विलक्षण रंगत असतील, ह्याची साक्ष चित्रफिती देतात. तथापि डोळे मिटून केवळ कानांनीं ऐकूं गेल्यास त्यांतलीं फारच थोडीं टिकतात. ज्या काळीं तीं निघालीं त्या काळाचा शिक्का त्यांच्या वाद्यमेळावर इतका ठळक उमटला आहे कीं, तो काळ सरतांच तीं जुनीं झालीं.

विलंबित गाण्यांची गोष्ट निराळी. १९८४ सालीं यिम हो ह्या दिग्दर्शकाचा एक चित्रपट निघाला. हाँगकाँगची एक स्त्री पुष्कळ वर्षांनीं चीनमधील आपल्या जन्मगांवीं जाते, एवढेंच त्याचें कथानक. त्याचें संगीत जपानी संगीतकार कितारो ह्याचें, व त्याच्या चालीवर चेंग क्वोक-काँग ह्यानें ‘पाण्यासारखीं वाहणारीं वर्षें’ हें गीत बसविलें. हें गाणें मुईनें गाइलें तेव्हां ती एकवीस-बावीस वर्षांची होती. ह्यांत ती कोठेंही गळा दाखवीत नाहीं. ओळ संपली कीं सूर तसाच सोडून देते, आणि मधल्या रिकाम्या जागा वाद्यांना देऊन टाकते. शहरांतला माणूस मागें वळून पाहतो तेव्हां त्याला जो एक प्रकारचा अबोल संकोच वाटतो, तो ह्या आवाजांत आम्हांस ऐकूं येतो. तिचें एकच गाणें ऐकावयाचें असेल तर कोणतें, असें कोणीं विचारल्यास आम्ही निःशंकपणें ह्याच गाण्याचें नांव सांगूं.

ह्याच गुणाचें दुसरें दर्शन स्टॅन्ली क्वान ह्याच्या ‘रूज’ ह्या चित्रपटांत होतें. १९३० च्या सुमारास प्रियकरासह आत्महत्या केलेली एक कलावंतीण त्याच्या शोधार्थ पन्नास वर्षांनंतरच्या हाँगकाँगांत पिशाचरूपानें परत येते, अशी ती कथा. ह्या भूमिकेबद्दल तैवानच्या ‘सुवर्ण अश्व’ चित्रपट महोत्सवांत १९८७ सालीं तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें. चित्रपटाच्या आरंभीं ती पुरुषवेषांत जुन्या कॅंटनी कथागायनांतला एक भाग गाते. आमच्याकडे पुरुषांनीं स्त्रीभूमिका करून रंगभूमि गाजविली. कॅंटनी नाटकांत यांम किम-फाय हिच्यासारख्या स्त्रियांनीं पुरुषभूमिका करून तोच लौकिक मिळविला. मुईचा मंद्र आवाज त्या परंपरेंत अगदीं सहज जाऊन बसतो. जो गळा आपण आजवर पाश्चात्त्य पद्धतीचा व नवा म्हणून ऐकत होतों, त्याचीं मुळें खुद्द कॅंटनी मातींत किती खोल गेलीं आहेत, हें त्या चार-दोन मिनिटांत कळून चुकतें. तिनें ह्या जुन्या गायनाकडे पुढें अधिक लक्ष दिलें नाहीं, ह्याची आम्हांस नेहमींच खंत वाटते.

आतां १९८९ सालाकडे वळूं. त्या वर्षीं कोजी माकाइनो ह्या जपानी संगीतकाराची, मासाहिको कोंदो ह्यानें गाइलेली एक चाल हाँगकाँगांत आली व एकाहून अधिक गायकांनीं ती निरनिराळ्या शब्दांत गाइली. त्यांतलीं दोन गाणीं चिरंजीव झालीं. एक प्रिसिला चॅन हिचें ‘सहस्र गीतें’ व दुसरें मुईचें ‘सूर्यास्ताचें गीत’. चॅन ही शिक्षणासाठीं अमेरिकेस निघाली होती. तिचें गाणें मैत्रीच्या निरोपाचें आहे व रिचर्ड लाम ह्याचे शब्द त्या प्रसंगास शोभणारे आहेत. मुईचें गाणें कीथ चॅन ह्यानें लिहिलेलें. त्यांत आयुष्याच्या धांवपळीकडे मागें वळून पाहणें आहे. वर्षाच्या अखेरीस दूरचित्रवाणीच्या पारितोषिकांत सर्वोच्च मान मुईच्या गाण्याला मिळाला, आणि दोघींच्या चाहत्यांत जो वाद पेटला तो आजतागायत पुरता शमलेला नाहीं.

आम्ही मुईच्या पक्षाचे. तरी प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, चालीला न्याय चॅनच्या गाण्यांत अधिक मिळाला आहे. तिचा आवाज स्वच्छ व एकसारखा आहे, चालीचा चढ ती विनासायास चढते, आणि म्हणूनच निरोपाच्या समारंभांत लोकांच्या ओठांवर तिचेंच गाणें अधिक येतें. मुई त्याच चढावर थकते. तो थकवा ऐकूं येतो. परंतु तिच्या गाण्याचा विषयच तो असल्यामुळें येथें दोषाचा गुण झाला आहे. गायनशास्त्राच्या परीक्षेंत चॅनला दोन गुण जास्त द्यावे लागतील; पण गाणें संपल्यावर मनांत जें उरतें तें मुईचें.

येथेंच आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. २००३ हें वर्ष हाँगकाँगला फार वाईट गेलें. वसंतऋतूंत सार्सची सांथ आली व तीत २९९ माणसें दगावलीं. १ एप्रिल रोजीं मुईचा जिवलग स्नेही व सहगायक लेस्ली चंग ह्यानें आत्महत्या केली. त्याही स्थितींत, कलावंतांच्या संघटनेची अध्यक्षा ह्या नात्यानें, तिनें पुढाकार घेऊन २४ मे रोजीं सांथग्रस्तांच्या कुटुंबांसाठीं मोठा जलसा घडवून आणला. ५ सप्टेंबर रोजीं आपणांस गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला असल्याचें तिनें जाहीर केलें, आणि नोव्हेंबरांत त्याच कलोसियमांत आठ रात्री ती गाइली. १५ नोव्हेंबरच्या शेवटल्या रात्रीं नववधूच्या शुभ्र वेषांत तिनें ‘सूर्यास्ताचें गीत’ म्हटलें व सहा आठवड्यांनीं ती वारली. त्या रात्रीची चित्रफीत पाहून डोळे कोरडे ठेवणें कठीण आहे. पण त्या दिवसापासून तिचें सर्व गाणें लोक मागून पुढें वाचूं लागले. १९८९ चें गाणें म्हणजे जणूं मृत्यूची पूर्वसूचना. अविवाहित राहिलेल्या स्त्रीचा वधूवेष म्हणजे जणूं तिच्या साऱ्या आयुष्याचा सारांश. २०१४ सालीं तिचा पुतळा उभारला गेला, २०२१ सालीं तिच्या जीवनावर चित्रपट निघाला. दोहोंनींही ‘हाँगकाँगची कन्या’ ही तिची प्रतिमा अधिकच उजळ केली. प्रतिमा उजळली खरी, पण तिच्या प्रकाशांत गाणें मात्र दिसेनासें झालें.

शेवटच्या आठ रात्रींचें गाणें हें तिच्या धैर्याचें स्मारक आहे; तिच्या गायनाचें नव्हे. श्वास अपुरा पडतो, सूर मध्येंच ढळतो. अशा अवस्थेंत ह्याहून निराळें कांहीं होणें शक्यच नव्हतें. ज्यास तिचें गायन ऐकावयाचें आहे त्यानें १९८९ ची मूळ तबकडी ऐकावी, आणि ऐकतांना मृत्यूची गोष्ट घटकाभर बाजूस ठेवावी. गाणारी बाई त्या वेळीं पंचवीस वर्षांची होती. तिच्या पुढें रोग नव्हता, मरण नव्हतें. यशाचें शिखर तिच्या पायाखालीं होतें. मग आवाजांत ती दमणूक आली कोठून? ती आली मागच्या एकवीस वर्षांच्या मेहनतीतून. लाय ची कोकच्या उद्यानांत उभ्या राहिलेल्या चार-पांच वर्षांच्या मुलीपासून त्या तबकडीपर्यंत ती अखंड राबत आली होती. त्या गाण्यांतला सूर्यास्त हा मरणाचा सूर्यास्त नव्हे. दिवसभर काम करून घरीं परतणाऱ्या माणसास खिडकींतून दिसणारा तो रोजचा सूर्यास्त आहे. आमच्या मतें हा अर्थ दैवदुर्विलासाच्या अर्थापेक्षां अधिक खरा आहे व अधिक गंभीरही आहे.

त्या शहरानें तिला आपली म्हटलें त्याचें कारणही हेंच असावें. हाँगकाँग हें निर्वासितांनीं व कष्टकऱ्यांनीं वाढविलेलें शहर. परक्याचा माल आणावा, आपल्या हातांनीं त्याला नवा घाट द्यावा, आणि जगाच्या बाजारांत मांडावा, हा त्याचा बाणा. मुईनें गाण्यांत तेंच केलें. २७ मे १९८९ रोजीं चीनमधील लोकशाहीच्या चळवळीच्या साहाय्यार्थ हॅपी व्हॅलीच्या शर्यतीच्या मैदानावर कलावंत जमले, त्यांत ती होती; १९९० पासून नव्या गायकांना वाव मिळावा म्हणून स्पर्धेचीं पारितोषिकें घेणें तिनें बंद केलें. ह्या गोष्टींनीं तिच्याविषयींचा आदर वाढतो. पण तिच्या गाण्याची किंमत ह्यांवर ठरवूं नये. चांगल्या माणसाचें गाणें चांगलेंच असतें, असा नियम नाहीं.

तिच्या उत्तरकाळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९९१ च्या हिंवाळ्यांत निरोपाचे जलसे करून ती रंगमंचावरून उतरली व १९९४ सालीं परतली. परतल्यावरचा आवाज अधिक संयत आहे, शब्दोच्चार अधिक जाणता आहे. मात्र गाणींच पूर्वीच्या तोलाचीं मिळालीं नाहींत. १९९७ सालचें ‘स्त्रीपुष्प’ हें तिचें मँडरिन गाणें चीन व तैवान येथें सर्वांत लोकप्रिय असेल. आम्हांस तें थोडें अतिगोड वाटतें. स्त्रीला फुलाची उपमा देऊन तिच्या कोमेजण्याबद्दल हळहळणें हा विषय, जिनें ‘वाईट मुलगी’ गाऊन त्याच कल्पनेला धक्का दिला, तिला शोभत नाहीं. शिवाय मँडरिनमध्यें तिचा उच्चार सावध होतो, आणि सावध गायिका ही अर्धी गायिका होय. कॅंटनींत ती जी मोकळी असते, ती दुसऱ्या कोणत्याही भाषेंत नाहीं.

एकंदर हिशेब काय राहिला? तिच्या गाण्यांपैकीं पुष्कळ गाणीं काळानें चाळून टाकलीं, व तीं योग्यच टाकलीं. जीं शिल्लक आहेत तीं आमच्या मोजणीप्रमाणें पंधरा-वीसच्या पलीकडे जाणार नाहींत. त्यांतल्याही निम्म्यांच्या चाली परक्या. पण कोणत्याही लोकप्रिय गायकाच्या नांवावर, त्याचा काळ सरल्यानंतर, पंधरा-वीस जिवंत गाणीं उरावीं ही लहान गोष्ट नव्हे. तेवढ्या गाण्यांवर तिची योग्यता सिद्ध होण्यासारखी आहे; त्यासाठीं तिच्या मरणाची साक्ष काढण्याचें कारण नाहीं. वाचकांपैकीं ज्यांना हें गाणें अगदींच नवें असेल, त्यांनीं आधीं ‘पाण्यासारखीं वाहणारीं वर्षें’ ऐकावें, मग ‘रूज’ पाहावा, आणि ‘सूर्यास्ताचें गीत’ सर्वांत शेवटीं घ्यावें. आणि घेतांना इतकेंच ध्यानांत ठेवावें कीं, गाणारी मुलगी पंचवीस वर्षांची आहे, कामावरून आतांच घरीं आली आहे, आणि उद्यां सकाळीं तिला पुन्हां कामावर जावयाचें आहे.